बॅरलमधला गॅस कुठे जातो? घरगुती बिअरच्या प्रेशर बॅरलची गळती शोधताना

हे टिपण २०-२५ लिटरच्या प्लॅस्टिक प्रेशर बॅरलसाठी आहे. वर आट्यांचं रुंद झाकण, झाकणात रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर आपोआप सोडणारा) आणि गॅस भरायचा पिन व्हॉल्व्ह, खाली तोटी. रचना इतकी साधी की बिघडायला जागाच चार-पाच. तरी दर वेळी संशय आधी यीस्टवर जातो, मग साखरेवर, आणि दोन आठवडे वाया गेल्यावर झाकणाखालच्या वॉशरवर. क्रम उलटा हवा.

एक गोष्ट डोक्यात ठेवली की अर्धी शोधाशोध वाचते. बिअरची गळती दिसते, गॅसची दिसत नाही. तोटी बिअरच्या पातळीखाली असते, म्हणून ती गळली तर जमीन ओली होते. झाकण पातळीच्या वर असतं, म्हणून ते गळलं तर काहीच दिसत नाही, फक्त बिअर सपक होते. जमीन कोरडी आणि प्रेशर गायब असेल तर तोटीला हात लावू नका. दोष वरच आहे.

लक्षणं

- तोटी उघडल्यावर बारीक धार येते, मग थांबते, आणि "गडप-गडप" आवाज करत तोटीतून हवा आत जाते. आत प्रेशर शून्य आहे. ही हवा बिअर नासवते, त्यामुळे तोटी लगेच बंद करा.
- पहिले दोन-चार दिवस जोरदार धार, नंतर काही नाही. बहुतेक वेळा झाकणाचं वॉशर.
- पहिल्या दिवसापासूनच सपक. एकतर गॅस तयारच झाला नाही, किंवा होईल तसा निघून गेला.
- तोटीभोवती चिकट कडा, त्यावर चिलटं, खाली वाळलेला तपकिरी डाग. तोटीची गळती, थेंब पडताना दिसलाच पाहिजे असं नाही.
- झाकणातून अधूनमधून "फुस्स". हा दोष असेलच असं नाही, पुढे बघा.
- ग्लासात नुसता फेस. गळती नाही, प्रेशर जास्त आहे.
- बॅरलचं बूड फुगून ते जमिनीवर डुलतं. वाचन थांबवा, आधी रिलीफ व्हॉल्व्हमधून गॅस सोडा.

आधी फुकटच्या तपासण्या

पिन व्हॉल्व्हच्या मधली पिन स्वच्छ, बोथट काडीने क्षणभर दाबा. "फुस्स" जोरात आलं तर गॅस आहे, आणि तक्रार तोटीची किंवा तापमानाची आहे. काहीच आलं नाही तर पुढे चला. पिन सोडल्यावर ती टक्कन वर आली पाहिजे. रेंगाळली तर गळतीची एक जागा तिथेच सापडली.

मग तापमान. प्रायमिंगची साखर (बॅरल भरताना घालायची, यीस्ट ती खाऊन गॅस तयार करतं) घातल्यावर बॅरल किती दिवस आणि किती उबेत होतं? एल यीस्टला (उबेत काम करणाऱ्या बिअरच्या यीस्टला) १८ ते २२ अंशांत एक ते दोन आठवडे लागतात. बॅरल भरल्याबरोबर थंड जागी नेलं असेल तर यीस्ट झोपलेलं असणार. ते उबेत आणून आठवडाभर थांबणं हीच दुरुस्ती. साखरेचं प्रमाण २३ लिटरला ८० ते १०० ग्रॅम. त्याहून जास्त घालून गळतीवर मात होत नाही. छिद्र तेच राहतं, फक्त त्यातून जास्त गॅस जातो.

तापमानाची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. तीच बिअर, तेवढाच विरघळलेला गॅस, पण १० अंशांना बॅरलमध्ये साधारण ९ पीएसआय (प्रेशरचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) आणि २० अंशांना १६-१७ पीएसआय प्रेशर दाखवते. (हा हिशेब १.८ व्हॉल्यूम गॅसचा, म्हणजे एका लिटर बिअरमध्ये १.८ लिटर गॅस. ८५ ग्रॅम साखरेने साधारण एवढाच होतो.) या बॅरलांचे रिलीफ व्हॉल्व्ह सहसा १० पीएसआयच्या आसपास उघडतात. त्यामुळे उकाड्याच्या दुपारी झाकण फुसफुसलं तर ते आपलं काम करतं आहे. त्याला गळती समजून झाकण आवळत बसू नका. बॅरल १०-१२ अंशांच्या जागी हलवा. आवळल्याने रिलीफ व्हॉल्व्ह बंद होत नाहीच, वॉशर मात्र चेपतं.

आणखी एक खोटी शंका: चार-पाच लिटर बिअर काढल्यावर धार मंदावणं. २३ लिटर भरलेल्या २५ लिटरच्या बॅरलमध्ये वर दोनच लिटर जागा असते. पाच लिटर काढले की ती सात होते. तोच गॅस साडेतीन पट जागेत पसरतो, आणि बिअरमधून नवा गॅस वर यायला वेळ लागतो. सगळी बिअर बाहेर ढकलण्याइतका गॅस साखरेतून मिळतच नाही. त्यासाठीच गॅसचा बल्ब (कार्बन डायऑक्साइड भरलेली धातूची छोटी कुपी) किंवा सिलिंडर.

साबणाचं पाणी

अर्धा लिटर पाण्यात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड, स्प्रेच्या बाटलीत. शेक करून फेस काढू नका. फवारा फेसाळ असेल तर गळतीचा बुडबुडा त्यात हरवतो. क्रमाने फवारा: झाकणाची कड पूर्ण गोल, रिलीफ व्हॉल्व्ह, पिन व्हॉल्व्हचं तोंड, पिन व्हॉल्व्ह झाकणातून जातो ती जागा, शेवटी तोटी. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर डोळे रोखून बघा. मोठी गळती लगेच बुडबुडा फुगवते, पण बारीक गळती पांढऱ्या साईसारखी जमत जाते, आणि चार दिवसांत बॅरलमधला गॅस संपवणारी तीच असते.

आत प्रेशरच नसेल तर फवारून उपयोग नाही, आधी गॅस द्यावा लागेल. इथे एक जुनी गफलत आहे. सपक बिअरने भरलेल्या बॅरलला एक बल्ब लावायचा, प्रेशर चढलेलं बघायचं, दुसऱ्या दिवशी ते उतरलेलं बघून "गळतंय" म्हणायचं. पण बिअर गॅस पिते. ८ ग्रॅमच्या बल्बमध्ये साधारण ४.४ लिटर गॅस असतो. तो २३ लिटर बिअरमध्ये मुरला की खोलीच्या तापमानाला प्रेशर फार तर ३-४ पीएसआयने वाढलेलं उरतं. उतरलेलं प्रेशर हा गळतीचा पुरावा नव्हे. बुडबुडा हा पुरावा.

म्हणून खरी चाचणी रिकाम्या बॅरलवर, बिअर भरायच्या आधी. २५ लिटरच्या रिकाम्या, कोरड्या बॅरलमध्ये एक बल्ब साधारण अडीच पीएसआय देतो. ओ-रिंगच्या (गोल रबरी कडीच्या) झाकणाला तेवढं पुरतं. चपट्या वॉशरचं झाकण मात्र अडीचला धरतं आणि सातला सोडतं, कारण प्रेशर त्याला वर उचलतं. त्याला तीन बल्ब द्या. मग रात्रभर ठेवून सकाळी पिन दाबून बघा.

भरलेल्या बॅरलला बल्ब लावायचाच असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह आधी तपासा. वर दोनच लिटर जागा असताना ४.४ लिटर गॅस एका दमात आत गेला तर प्रेशर क्षणभर ३० पीएसआयपर्यंत जाऊ शकतं, आणि बल्बला एकदा भोक पडलं की तो मध्येच थांबवता येत नाही. निदान सहा लिटर काढून झाल्यावर बल्ब लावावा.

झाकण: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

उघडण्याआधी रिलीफ व्हॉल्व्हमधून गॅस पूर्ण सोडा. ४ इंची झाकणावर १० पीएसआय म्हणजे सुमारे ५७ किलोचा जोर. शेवटचा आटा सुटताना ते तोंडावर येऊ शकतं.

वॉशर काढून उजेडात धरा आणि बोटांत वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर फेकून द्या. ज्या बाजूने ते बॅरलच्या ओठावर (तोंडाच्या कडेवर) बसतं तिथे खोल चर पडलेला असेल आणि दाबूनही भरत नसेल, तर रबर मेलं आहे. ते उलटं करून एखादी खेप निघते, पण नवीन वॉशर मागवून ठेवा. मग झाकणातली खाच. तिथे वाळलेला फेस, साखरेचा कण किंवा हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) पाकळी अडकलेली असते. केसाएवढा कचराही गॅसला पुरेशी वाट करून देतो. मऊ ब्रशने धुवा. खाच चाकूच्या टोकाने खरवडू नका, ओरखडा म्हणजे कायमची गळती.

आता बॅरलचा ओठ. डोळे मिटून नख गोल फिरवा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लॅस्टिकची बारीक उभी रेघ असते, आणि ती कधीकधी ओठावरूनही जाते. नव्या बॅरलमधून पहिल्याच खेपेला गॅस जातो तेव्हा नख बहुतेक इथेच अडतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, ओला करून, पूर्ण ओठावर हलक्या हाताने गोल फिरवा. फक्त रेघेवर घासलंत तर तिथे खळगा पडेल आणि आधीपेक्षा वाईट होईल. नंतर बॅरल दोनदा धुवा.

बसवताना वॉशरच्या दोन्ही बाजूंना आणि आट्यांना फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा हात. हात म्हणजे चमक येण्याएवढा. ओघळ येण्याएवढं लावलंत तर ते बिअरमध्ये उतरून फेस मारतं. पेट्रोलियम जेली वापरू नका, ती बऱ्याच रबरांना फुगवते आणि मऊ करते. वॉशर स्वतः सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको, फक्त पाण्याने ओलं करा. ग्रीस छिद्र बुजवण्यासाठी नसतं. कोरडं वॉशर झाकणाबरोबर ओढलं जातं, मुरडतं आणि एका बाजूला फुगून बाहेर येतं. ग्रीस लावलेलं जागच्या जागी दबतं.

झाकण ठेवून आधी उलटं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, हळू फिरवा. एका जागी ते टक्कन खाली बसतं. तिथून सुलटं फिरवा. आटे एकमेकांवर चढून बसणं असं टळतं. हाताने थांबेपर्यंत, मग आणखी पाव फेरा, बस्स. पट्ट्याचा पाना झाकण उघडण्यासाठी असतो. त्याने आवळलेलं झाकण सहसा जास्तच गळतं, कारण चपटं वॉशर दबून आतल्या बाजूला निसटतं. गळतं म्हणून आणखी आवळलं, आणखी निसटलं, हा फेरा बऱ्याच जणांना ओळखीचा असेल.

रिलीफ व्हॉल्व्ह आणि पिन व्हॉल्व्ह

साध्या बॅरलांत रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे नळीच्या अंगाला एक छिद्र आणि त्यावर ताणून बसवलेला जाड रबरबँड. गॅसचा जोर वाढला की रबर उचलतं, कमी झाला की बसतं. रबर सुकलं तर दोन्ही बाजूंनी घात: भेगाळून सतत गळतं, किंवा छिद्राला चिकटून उघडतच नाही. दर वर्षी बदला, दिसायला चांगलं असलं तरी. बदलताना छिद्रात टाचणी घालून ते मोकळं असल्याची खात्री करा. त्याच मापाचा बँड हवा. स्वयंपाकघरातला पातळ रबरबँड चार पीएसआयलाच सोडतो, आणि दोन बँड एकावर एक लावणं म्हणजे बॅरलचं एकमेव संरक्षण काढून टाकणं. त्यावर टेप लावण्याबद्दल तर बोलायलाच नको.

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल तर कडी दोन-तीनदा उचलून सोडा. बसायच्या जागी अडकलेला कण बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर उडून जातो. तरी गळला तर कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर अख्खा बदला. स्प्रिंग ताणून वा दाबून जोर "जुळवू" नका.

पिन व्हॉल्व्हच्या गळतीच्या दोन वेगळ्या जागा आहेत. मधल्या पिनमधून बुडबुडे आले तर पिन चिकटली आहे किंवा तिची बारीक ओ-रिंग गेली आहे. व्हॉल्व्ह आणि झाकण मिळतात तिथून आले तर झाकणाखालचा नट ढिला झाला आहे. बल्बचा होल्डर लावताना व्हॉल्व्हही सोबत फिरतो, म्हणून तो नट हमखास सैल होतो. एका हाताने व्हॉल्व्ह धरून नट खालून आवळा.

बल्ब ८ ग्रॅमचा, सोडा सायफनचा, कार्बन डायऑक्साइडचाच घ्या. क्रीमचे बल्ब दिसायला जुळे भाऊ, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. एअरगनच्या बल्बमध्ये तेलाचा अंश असू शकतो, आणि तो फेसाला आणि पोटाला दोन्हींना नको.

तोटी

तोटी पुसून कोरडी करा, खाली टिश्यू पेपर पसरा, तोटीभोवतीही एक गुंडाळा, तासाभराने बघा. ओल कुठून सुरू होते त्यावर सगळं अवलंबून आहे.

तोंडातून थेंब येत असेल तर आत हॉप्सचा कण किंवा वाळलेली बिअर अडकली आहे. तोटी झटक्यात पूर्ण उघडून अर्धा ग्लास सोडा आणि बंद करा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

चावीच्या दांड्याजवळून ओल असेल तर दांड्याची ओ-रिंग गेली आहे. ती बॅरल रिकामं झाल्यावरच बदला. भरलेल्या बॅरलची चावी खेचून काढली की पुढचं काम पोछ्याचं.

तोटी आणि बॅरल यांच्या मधून ओल असेल तर वॉशर किंवा आतला नट. रबरी वॉशर बॅरलच्या भिंतीला टेकलं पाहिजे. कडक प्लॅस्टिकचं वॉशर असेल तर ते नट आणि रबर यांच्या मध्ये, म्हणजे नट फिरताना रबर ओढलं जात नाही. भरलेल्या बॅरलवर एकच प्रयत्न करा: तोटी सुलट्या दिशेने एक अष्टमांश फेरा. थांबली तर ठीक, नाही तर खाली ताटली ठेवून बॅरल संपवा किंवा बिअर दुसऱ्या निर्जंतुक भांड्यात नळीने उतरवा. पुन्हा पुन्हा फिरवलंत तर वॉशर कायमचं मुरडेल.

टेफ्लॉन टेपचा मोह इथे टाळा. या जोडात आटे काही अडवत नाहीत, अडवतं ते सपाट वॉशर. टेप गुंडाळली की नट शेवटपर्यंत जात नाही आणि वॉशरवर दाब कमी पडतो.

बसवल्यावर तोटीच्या वर चार बोटं येईल इतकं पाणी भरा आणि रात्रभर टिश्यू ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तरच बिअर.

नुसता फेस येत असेल तर

बॅरल १०-१२ अंशांपर्यंत थंड करा, रिलीफ व्हॉल्व्हमधून थोडा गॅस सोडा, दोन तास थांबा, पुन्हा सोडा. एवढ्याने बसलं तर साखर किंवा ऊब जास्त झाली होती. पुढच्या वेळी बॅरल भरण्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरमध्ये उरलेल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तरंगत्या नळीचं) वाचन सलग तीन दिवस सारखं आल्याची खात्री करा. सोडूनही गॅस दर दोन दिवसांनी पुन्हा चढत असेल आणि बिअर पातळ, आंबूस किंवा औषधी वासाची लागत असेल, तर ती बाहेरच्या जंतूंची करामत आहे. ओतून द्या. सगळी वॉशरं बदला, तोटी पूर्ण सुटी करून धुवा. तोटीच्या आतल्या पोकळीत ते जंतू पुढच्या खेपेची वाट बघत बसतात.

इथे थांबा

बॅरलच्या अंगावर, विशेषतः तोटीच्या भोकाभोवती, बुडाच्या वळणावर किंवा मुठीच्या जोडापाशी पांढरट रेघा दिसत असतील तर प्लॅस्टिक ताणून थकलं आहे. भेग अजून पडली नसेल, पण पडणार आहे. गॅस सोडा आणि त्यात पुन्हा प्रेशर धरू नका. गोंद, एपॉक्सी, तापवलेला कलथा, काहीही नको. ही बॅरलं बहुतेक पॉलिएथिलीनची असतात, त्याला गोंद धरत नाही, आणि वितळवून जोडलेला सांधा प्रेशरसाठी भरवशाचा नाही. त्यात पाणी भरा, आंबवण्यासाठी वापरा, पण प्रेशर नको. उकळतं पाणी ओतल्याने मान वाकडी झालेल्या बॅरलचंही तेच. कुठलंही वॉशर अंडाकृती ओठावर बसत नाही. धुवायला हाताला सोसेल एवढंच गरम पाणी वापरायचं ते यासाठी.

सिलिंडर आणि रेग्युलेटर हा वेगळा प्रांत आहे. नळी, तिचा क्लिप, जोडातलं वॉशर एवढं तुमचं, त्यापलीकडे नाही. प्लॅस्टिक बॅरलला रेग्युलेटर ५ ते ८ पीएसआयवर ठेवा. केगवाल्यांचं "झाकण बसवायला ३० पीएसआयचा झटका द्या" हे स्टीलच्या केगसाठी आहे, ते इकडे आणू नका. बॅरल जोडलेलं नसताना रेग्युलेटरचा काटा आपोआप वर सरकत असेल तर त्याची आतली सीट गेली आहे. तो खोलू नका, वापरू नका, गॅस उपकरणांच्या तंत्रज्ञाकडे द्या. सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या मानेतून गॅस येत असेल, सिलिंडरला पोचा किंवा खोल गंज असेल, किंवा त्याच्या चाचणीची मुदत संपली असेल, तर तो भरून देणाऱ्याकडे परत जातो.

२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १.१ घनमीटर गॅस असतो. दोन मीटर बाय दोन मीटरच्या बंद कोठीत तो सगळा सुटला तर हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं, आणि तेवढ्यात माणूस बेशुद्ध पडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणजे बरोबर जिथे तुम्ही वाकून तोटी बघत असता. कोठीत शिरल्यावर डोकं जड झालं, धाप लागली किंवा नाकात सोड्यासारखं झोंबलं तर सिलिंडर बंद करायलाही थांबू नका. बाहेर या, दार उघडं टाका, आणि गॅसवाल्याला बोलवा.